घोटा परत परत मुरगळतोय? कबड्डीच्या पोरांचा पाय तपासण्याचा माझा क्रम

चिपळूणच्या बाजूला आमचं छोटं कबड्डी मंडळ आहे. दिवाळी संपली की स्पर्धा सुरू होतात त्या पाऊस पडेपर्यंत. त्या सहा-सात महिन्यांत माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे, “दादा, पाय परत गेला.” वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘परत’. पहिल्यांदा मुरगळलेला पाय खेळात होतोच, त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. तोच पाय त्याच मोसमात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो तेव्हा मात्र कुठेतरी काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतं.

मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. वीस वर्षं पोरांना खेळवतोय, त्याआधी स्वतः डावा कोपरा (बचावाच्या फळीतलं डावं टोक) खेळलो आणि उजवा घोटा चार वेळा मुरगळून घेतला. त्या चारपैकी तीन वेळा चूक माझी होती. खाली लिहिलंय ते त्या चुका आणि नंतर आमच्या तालुक्यातल्या एका शहाण्या फिजिओताईंनी शिकवलेलं, यांची बेरीज आहे.

लक्षणं कशी ओळखायची

तुमचा त्रास यातला असेल तर पुढचं तुमच्यासाठी:

– पाय मुरगळून दोन-तीन आठवडे झाले, चालताना दुखत नाही, पण मैदानात उतरलं की त्याच घोट्याची भीती वाटते.
– सपाट रस्त्यावर, एखाद्या खड्याने, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय उगाच आत वळतो. पडत नाही, पण ‘जाता जाता राहतो’.
– सरावानंतर रात्री बाहेरच्या घोट्याखाली मऊ सूज येते आणि सकाळी उतरते. मोज्याची खूण त्या पायावर जास्त खोल उमटते.
– सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं घोटा गंजल्यासारखा चालतो.
– चढाईत एका बाजूला वळता येतं, दुसऱ्या बाजूला वळताना तुम्ही नकळत एक पाऊल जास्त टाकता. हे खेळणाऱ्याला कळत नाही, बाहेरून बघणाऱ्याला लगेच दिसतं.

आणि हे असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी डॉक्टर: घोटा वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा गार पडलीत, पायावर भार टाकून चार पावलंही टाकता येत नाहीत, मुरगळताना मागे टाचेच्या वर कोणीतरी काठी मारल्यासारखं वाटलं, किंवा सांध्यावर जखम होऊन ताप आलाय.

पहिली तपासणी: बोटाने दाबून बघणं (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

ताजी दुखापत असो की परत उलटलेली, हे पहिलं. कारण मुरगळलेला पाय समजून मोडलेल्या हाडाला लेप लावत बसणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले. जगभर तातडीच्या विभागांत ते वापरले जातात आणि आपल्याला मैदानावरही वापरता येतात. चार जागा दाबायच्या. बाहेरच्या घोट्याच्या हाडाचं टोक आणि तिथून वर सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंतची मागची कड. आतल्या घोट्याची तशीच कड. पावलाच्या बाहेरच्या बाजूला, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्ये जो हाडाचा उंचवटा लागतो तो. आणि पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड. यातल्या कुठल्याही एका जागी थेट हाडावर दाबल्यावर पोरगं ओरडलं, किंवा लागल्यावर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. लंगडत टाकली तरी पावलं मोजायची.

करंगळीच्या बाजूच्या त्या उंचवट्याचं मुद्दाम सांगतो. आमचा एक मध्यरक्षक तीन आठवडे आंबेहळदीचा लेप लावून ‘मुरगळलेला’ पाय शेकत होता. घोट्याला सूज होती, त्यामुळे सगळे घोटाच बघत होते. तो उंचवटा कोणी दाबलाच नव्हता. दाबला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एक्स-रेत हाडाला चीर होती. घोटा आत वळताना तिथे चिकटलेला स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडाचा तुकडा ओढतो, म्हणून तिथे मोडतं.

साधारण पंधराच्या आतल्या पोरांना मी या नियमांवरही सोडत नाही. त्यांच्या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते आणि ती अस्थिबंधांपेक्षा (हाडाला हाड बांधणाऱ्या दोरांपेक्षा) कच्ची असते, त्यामुळे मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जाईल तिथे पोराची ती कूर्चा दुखावते. त्या वयाच्या पोराला बाहेरच्या घोट्याच्या हाडावरच दुखत असेल तर सरळ डॉक्टरकडे.

दुसरी: तारखा मोजा

कॅलेंडर काढा. पाय कधी गेला, पहिला सराव कधी केला, पहिली मॅच कधी खेळलात? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

आपल्याकडचा हिशोब असा असतो: सूज उतरली म्हणजे बरा झाला. सूज आठवड्यात उतरते. अस्थिबंध आठवड्यात बरा होत नाही. बाहेरच्या बाजूला घोट्याच्या हाडापासून पावलाकडे जाणारे तीन अस्थिबंध असतात, त्यातला पुढचा सगळ्यात दुबळा आणि पाय आत मुरगळला की बहुधा तोच पहिल्यांदा फाटतो. हलका ताण असेल तर एक ते तीन आठवड्यांत खेळता येतं. थोडा फाटला असेल तर तीन ते सहा किंवा त्याहून जास्त. पूर्ण फाटला असेल तर महिने. आणि खेळता येऊ लागल्यावरही आतली दुरुस्ती चालूच असते. परत मुरगळण्याचा धोका जवळजवळ वर्षभर जास्त राहतो.

मुंबईला नोकरीला असलेली पोरं यात हमखास सापडतात. शनिवारी रात्रीची गाडी, रविवारी मॅच, पाय गेला, सोमवारी सकाळी परत दादरच्या पुलाचे जिने. पुढच्या शनिवारी परत गाडीत. मधल्या सहा दिवसांत पायासाठी काय केलंस विचारलं की उत्तर येतं, “आराम केला.” लोकलमध्ये उभं राहून केलेला आराम.

तिसरी: पहिल्या आठवड्यात काय झालं?

ताज्या दुखापतीचं थोडक्यात. पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, जमेल तेवढाच भार. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दुखणं कमी व्हावं म्हणून. बर्फाने पाय लवकर बरा होतो, असं नाही. आराम-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ साली अमेरिकेतल्या ज्या डॉक्टर गेब मर्किन यांनी प्रसिद्ध केलं, त्यांनीच २०१४ साली मत बदललं आणि बर्फ व पूर्ण आराम यांमुळे बरं होणं लांबू शकतं असं लिहिलं. म्हणून दोन-तीन दिवसांपलीकडे पाय नुसता ठेवून द्यायचा नाही.

शेक, दारू आणि जोरदार मालिश या तीन गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत नकोत. आत रक्त साकळत असतं, ते वाढतं. आंबेहळद-रक्तचंदनाच्या लेपाला माझी हरकत नाही, आजीचं मन राखलं जातं आणि पाय निदान तासभर स्थिर राहतो. हरकत आहे ती पाय धरून ‘कडकन’ ओढणाऱ्यांना. “शीर सरकलीय, बसवतो” म्हणतात. मुरगळलेल्या घोट्यात बहुतेक वेळा शीर सरकलेली नसते. अस्थिबंध फाटलेला असतो आणि फाटलेली दोरी ओढून जुळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, दुखत नाही तेवढ्यात, हालचाल सुरू. आम्ही पोरांना सांगतो: झोपून, पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत काढ. दिवसातून तीन वेळा. ‘क्ष’ला घोटा सगळ्या दिशांना फिरतो, हा आमच्या इथला विनोद आहे, पण खरा आहे. ज्यांनी हे केलं नाही आणि तीन आठवडे पट्टी बांधून बसले, त्यांचा पाय पुढच्या तपासणीत अडकतो.

चौथी: भिंत आणि गुडघा

भिंतीसमोर उभे राहा. पाऊल भिंतीकडे सरळ. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागे. परत. टाच न उचलता गुडघा जेमतेम लागतो तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, शिवणकामाच्या टेपने. मग दुसऱ्या पायाचं. दोन पायांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर घोटा आखडलेला आहे.

घोट्याच्या आतलं जे हाड वरच्या दोन हाडांच्या खोबणीत बसतं ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर आलं, गुडघा पुढे झुकला, की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो आणि सांधा पक्का होतो. टाच उचलली, चवडा खाली गेला, की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल. पाय बहुतेक याच स्थितीत मुरगळतो. आता कबड्डीत बघा. चढाईपटू पायाचा पंजा मारायला एक पाय लांब टाकतो तेव्हा मागच्या पायाचा गुडघा खोल वाकतो, म्हणजे त्या घोट्याला पुढे झुकावं लागतं. घोटा आखडलेला असेल तर झुकत नाही, मग टाच उचलली जाते. टाच उचलली की सांधा सैल. त्याच क्षणी कोपरा तुमच्यावर झेपावलेला असतो.

उपाय तोच जो तपास: दिवसातून दोनदा, टाच टेकवून गुडघा भिंतीकडे, पंधरा वेळा, तीन फेऱ्या. सोबत पोटरीचा ताण, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा. पुढून घोट्यात ‘अडकल्यासारखं’ टोचत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत अंतर वाढत नसेल तर जोर करू नका. तिथे फिजिओच्या हाताची गरज आहे.

पाचवी: डोळे मिटून एका पायावर

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची तपासणी आहे आणि हीच सगळे सोडून देतात.

गेल्या मोसमात आमचा एक चढाईपटू, एकोणीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, पायात वारा. उजवा घोटा मोसमात तिसऱ्यांदा गेलेला. मॅच संपली होती, हॅलोजन अजून चालू होते. त्याला म्हटलं, डाव्या पायावर उभा राहा, हात छातीवर, डोळे मीट. राहिला. मी सावकाश तीसपर्यंत मोजलं, तो हसतोय. आता उजवा. डोळे उघडे असताना ठीक. मिटले आणि पाचव्या आकड्याला पावलाच्या वरच्या शिरा तारांसारख्या उड्या मारायला लागल्या, करंगळीची बाजू उचलायची, टेकायची, परत उचलायची. आठव्या आकड्याला दुसरा पाय खाली. त्याने स्वतःहून परत केलं. परत आठ. तिसऱ्यांदा सात. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पण दुखत तर काहीच नाही.”

अस्थिबंधात नुसते दोर नसतात, त्यात चेता असतात. पाऊल किती कललंय ही बातमी त्या मेंदूला देतात. अस्थिबंध फाटला की दोराबरोबर ही बातमीची वायरही बिघडते. इंग्लंडमधल्या डॉक्टर फ्रीमन यांनी १९६५ सालीच मुरगळलेल्या घोट्यांमध्ये तोल बिघडतो आणि तोलाच्या व्यायामाने सुधारतो हे दाखवलं. डोळे उघडे असले की डोळे ती उणीव भरून काढतात. पण चढाईत डोळे पावलाकडे नसतात. समोर सातजण असतात, तीस सेकंदांचा श्वास चाललेला असतो. तिथे पावलाला स्वतःचं स्वतः कळावं लागतं.

उपाय फुकट आहे. दात घासताना एका पायावर. आठवड्याने डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर किंवा उशीवर. मग गोधडीवर उभं राहून मित्राने फेकलेला चेंडू झेलत. मग मित्राने खांद्याला हलके धक्के द्यायचे, कुठून येणार हे न सांगता. रोज दहा मिनिटं, निदान आठ आठवडे. आठ हा आकडा माझा नाही. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी नेहमीच्या उपचारांनंतर आठ आठवडे घरीच, कोणाच्या देखरेखीशिवाय, तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यातल्या साधारण २२ टक्क्यांचा पाय परत मुरगळला. न करणाऱ्यांत ३३ टक्क्यांचा. म्हणजे व्यायाम करूनही काहींचा पाय जातोच, हमी कसली नाही. पण घरात गोधडीवर उभं राहून एवढा फरक पडत असेल तर मी पोरांना सोडत नाही.

सहावी: जोर मोजा

दोन स्नायू बघायचे.

पहिला पोटरीचा. भिंतीला बोटं टेकून एका पायावर टाच उचला, गुडघा सरळ, पूर्ण वर आणि सावकाश खाली. किती होतात? चांगल्या पायावर पंचवीसच्या आसपास व्हायला हव्यात. दुखऱ्या पायावर पंधरा झाल्या आणि वरची उंची कमी भरली, तर उडी मारून उतरताना पाय सावरणार कोण?

दुसरा नडगीच्या बाहेरच्या बाजूचा. याचे दोर बाहेरच्या घोट्याच्या मागून वळून पावलाखाली जातात. पाऊल आत वळायला लागलं की बाहेर खेचून धरणारा हाच. याच्यासाठी जिममध्ये जायची गरज नाही. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, बहुतेक तो पैसेही घेत नाही. एक टोक खाटेच्या पायाला, दुसरं पावलाच्या पुढच्या भागाला. पाय लांब करून बसायचं, गुडघा न फिरवता फक्त पाऊल बाहेर ओढायचं आणि परत येताना सावकाश, मनात चार मोजत. परत येतानाचा सावकाशपणा महत्त्वाचा, कारण मैदानात या स्नायूचं काम पाऊल ओढण्यापेक्षा आवरण्याचं असतं. पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसाआड.

हा व्यायाम करताना बाहेरच्या घोट्याच्या मागे दोर ‘टकटक’ हाडावरून उडी मारतोय असं दिसलं किंवा बोटाला जाणवलं, तर थांबा. तो दोर आपल्या खोबणीतून सुटत असू शकतो. ते व्यायामाने बसेलच असं नाही, डॉक्टरला दाखवा.

सातवी: मैदान, बूट, पट्टी

खरं तर ही तपासणी सोपी आहे, वर यायला हवी होती. पण आमची पोरं सगळा दोष मैदानालाच देतात, म्हणून मुद्दाम खाली ढकलली.

मातीवर अनवाणी आणि मॅटवर बूट घालून, अशी आपल्याकडची बरीच पोरं दोन्हीकडे खेळतात. मातीवर पाय थोडा घसरतो आणि घसरणं घोट्याला वाचवतं. मॅटवर रबरी तळवा पकडून बसतो: शरीर वळतं, पाऊल राहतं. आठवडाभर मातीवर सराव करून रविवारी थेट मॅटवर उतरणाऱ्या पोराला मी निदान दोन दिवस आधी बूट घालून सिमेंटच्या ओट्यावर वळण्याचा सराव करायला लावतो. ओटा म्हणजे मॅट नव्हे, पण पकड कळते. मॅटचे तुकडे जुळतात तिथे फट उघडली असेल तर सामन्याआधी पंचांना दाखवा, लाजू नका. आणि आमच्याकडच्या मातीत कातळाचे बारीक खडे वर येतात. पाणी मारून चोपण्याआधी एक रांग करून सगळ्यांनी वाकून खडे वेचायचे, हा आमच्या मंडळाचा नियम. नव्या पोरांना राग येतो.

बूट दाबून बघा: बाहेरची कड झिजून तिरकी झाली असेल तर पाय आधीच कललेला उतरतो.

पट्टी किंवा लेसवाला घोट्याचा पट्टा: आधी मुरगळलेल्या पायाला दोन्हींचा खरा उपयोग आहे. परत जाण्याचं प्रमाण कमी होतं, हे वारंवार दिसलंय. पण चिकटपट्टी घामाने आणि धावण्याने वीसेक मिनिटांत सैल पडायला लागते. पुरुषांच्या सामन्याचा एक डाव वीस मिनिटांचा, म्हणजे मध्यंतरातल्या पाच मिनिटांत ती तपासायची. लेसचा पट्टा परत आवळता येतो, मला तो जास्त आवडतो. पहिलं वर्षभर खेळताना वापरा. पट्टा आहे म्हणून गोधडीवर उभं राहणं सोडायचं, हे मात्र चालणार नाही.

सामन्याआधी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन खेळणं याबद्दल एवढंच: दुखणं हा तुमचा शेवटचा पंच आहे. त्याला मैदानाबाहेर काढून खेळू नका.

आठवी: उड्या, आणि मग चढाई

आधीचं सगळं जमलं की ही. एका पायावर पुढे लांब उडी, एकाच पायावर उतरून थांबायचं. तीन उड्यांपैकी सगळ्यात लांब मोजा. मग एका पायावर सलग तीन उड्या. मग जमिनीवर तीस सेंटिमीटर अंतराच्या दोन रेषा, एका पायावर त्यांच्यापलीकडे आडव्या दहा फेऱ्या, वेळ लावून. दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के यायला हवा. आडव्या उडीत फसवणूक होत नाही. सरळ उडी मारणारी पोरंही आडव्यात पकडली जातात, कारण मुरगळतं ते आडव्यातच.

मग पायऱ्या: सरळ जॉगिंग, मग सरळ वेगात, मग आठच्या आकड्यात, मग मध्यरेषेपासून ‘निदान रेषे’पर्यंतचे (चढाईत जी ओलांडावीच लागते ती रेषा) पावणेचार मीटर धावत जाऊन झटकन वळून परत, आधी चांगल्या पायावर वळत आणि मग दुखऱ्या. मग समोर बचाव उभा, पण कोणी धरायचं नाही. मग धरायचं, पण घोटा सोडून. सगळ्यात शेवटी अँकल होल्डसकट पूर्ण चढाई. बोनससाठी, म्हणजे बोनस रेषा ओलांडून जादा गुण घ्यायला, मागचा पाय हवेत ठेवायचा असतो, म्हणजे सगळा भार एका पायावर, ते मी अँकल होल्डच्या आदल्या पायरीला घेतो.

प्रत्येक पायरीचा निकाल त्याच दिवशी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर सूज नाही, पहिली दहा पावलं मोकळी, तर पुढची पायरी. सूज आली तर एक पायरी मागे. पोरांना हे पटायला वेळ लागतो, कारण मैदानात असताना अंगात गरमी असते आणि सगळंच जमतं.

कोपऱ्यांना एक विनंती: परतलेल्या पोराला पहिल्याच दिवशी घोट्याला धरून ‘टेस्ट’ करू नका. मी तरुणपणी हे केलंय, अजून लाज वाटते.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

सुरुवातीची धोक्याची लक्षणं सोडून आणखी काही गोष्टी आहेत, ज्यांच्यावर घरचा उपाय करत बसण्यात अर्थ नाही.

दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये असेल. पोटरी मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबली की खाली घोट्याजवळ दुखतं, किंवा पाऊल बाहेर फिरवलं की दुखतं. ही वरच्या सांध्याची मुरगळ. घोटा धरलेला असताना चढाईपटू जीव तोडून मध्यरेषेकडे वळतो तेव्हा नेमकी ही होते. हिला सहा ते बारा आठवडे लागतात, काहींना शस्त्रक्रियाही. साधी मुरगळ समजून तीन आठवड्यांत उतरलात तर सगळा मोसम जाईल.

पोट खाली करून झोपवा, पोटरी मुठीत दाबा. पाऊल खाली हललं पाहिजे. हललं नाही तर टाचेचा मोठा दोर तुटला आहे. त्याच दिवशी दवाखाना.

घोटा आत कुठेतरी अडकतो, कुलूप लागल्यासारखा, किंवा सहा आठवड्यांनंतरही खोल आत दुखतं आणि प्रत्येक सरावानंतर सूज येते. आतल्या हाडाच्या कूर्चेला इजा असू शकते. साध्या एक्स-रेत ती सुटू शकते, एमआरआयचा निर्णय डॉक्टर घेतील.

आठवड्याभरात चालणं काहीच सुधारलेलं नाही. किंवा हे सगळं आठ-बारा आठवडे नीट करूनही पाय जातोच आहे. अस्थिबंध खरोखर सैल राहिलेला असू शकतो आणि त्यावर शस्त्रक्रियेचा विचार हाडांच्या डॉक्टरने करायचा.

प्लास्टर किंवा पट्ट्यात पाय बरेच दिवस राहिल्यावर पोटरी दुखायला, सुजायला, गरम लागायला लागली तर त्याच दिवशी जा. शिरेत गाठ झाल्याची शक्यता असते. सोबत धाप लागत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

जाताना वही घेऊन जा. पाय किती वेळा, कोणत्या तारखांना गेला, भिंत-गुडघ्याचं अंतर दोन्ही पायांचं, टाचा किती उचलता येतात, डोळे मिटून किती सेकंद. आमच्या फिजिओताई म्हणतात की कोणी अशी वही घेऊन आलं की त्यांची पहिली पंधरा मिनिटं वाचतात आणि त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

तो एकोणीस वर्षांचा चढाईपटू सध्या आठव्या तपासणीत आहे. डोळे मिटून उजवा पाय तिसाला पोचला. भिंतीचं अंतर दोन्हीकडे सारखं. आडव्या उड्यांत मात्र उजवा अजून ८६ टक्क्यांवर. रविवारी शेजारच्या गावात स्पर्धा आहे, तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून पाणी देणार आहे आणि माझ्याशी बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी परत मोजणार.